नऊ दारे आणि एक कुलूप

दिल्लीच्या बहाई उपासना मंदिराविषयी, म्हणजे सर्वतोमुखी झालेल्या 'कमळमंदिरा'विषयी, मराठीत जे वाचायला मिळते त्याचा साचा ठरून गेलेला आहे. प्रथम 'अप्रतिम' हा शब्द येतो. मग नीरव शांतता, मग स्वच्छता, मग चपला काढून ठेवण्याची शिस्त. आणि शेवटी, परतीच्या गाडीत बसता बसता सुचावा तसा एक प्रश्न : 'आपल्याकडे असे का नाही?' हा प्रश्न विचारला जातो तो उत्तर मिळवण्यासाठी नव्हे. तो लेख संपवण्यासाठी विचारला जातो. प्रस्तुत लेखाचा उद्देश तो प्रश्न गांभीर्याने घेण्याचा आहे. आपल्याकडे असे नाही याचे कारण पैसा नाही, जागा नाही किंवा वास्तुकार नाहीत, हे नाही. असे स्थळ आपल्याला मनापासून नको आहे, हे त्याचे कारण आहे. स्वागताची भाषा आपण भरपूर बोलतो. मात्र स्वागत ही मनात बाळगण्याची भावना नसून ती बांधावी लागते, तिच्यासाठी दारे ठेवावी लागतात, किल्ली कोणाकडे राहील ते ठरवावे लागते, हे मान्य करण्याची आपली तयारी नसते.

आधी इमारतीकडे पाहू, कारण तिच्याविषयी भाविकतेने पुष्कळ आणि बारकाईने फार थोडे बोलले जाते. कालकाजीजवळच्या बहापूर गावातली ही जमीन १९५३ साली घेण्यात आली. सिंधमधल्या हैदराबादचे अर्देशिर रुस्तमपूर यांनी आयुष्यभराची पुंजी त्यासाठी देऊन टाकली होती. १९७६ मध्ये आराखड्याचे काम इराणी वास्तुकार फरीबुर्झ सहबा यांच्याकडे आले. १९८० मध्ये बांधकाम सुरू झाले, डिसेंबर १९८६ मध्ये समर्पणविधी झाला आणि १ जानेवारी १९८७ पासून मंदिर सर्वांसाठी खुले झाले. उंची सुमारे ३४ मीटर, बैठक सुमारे १३०० जणांची, परिसर २६ एकरांचा. पाकळ्यांवरचा संगमरवर ग्रीसमधल्या पेंटेली डोंगराचा. भोवती नऊ जलाशय आहेत. ते शोभेसाठी आहेतच, पण त्यांच्यावरून थंड होऊन येणारी हवा तळघरातून सभागृहात शिरते आणि शिखराशी असलेल्या वाटेने बाहेर पडते. दिल्लीच्या उन्हाळ्यात हे सभागृह सुसह्य राहते त्यात या पाण्याचा मोठा वाटा आहे.

या इमारतीला एकूण २७ पाकळ्या आहेत, हे माहितीपत्रके सांगतात. त्या पाकळ्यांचे वाटप कसे आहे ते मात्र कोणी फारसे पाहत नाही. आतल्या नऊ पाकळ्या मिटलेल्या कळीसारख्या सभागृहाला कवेत घेतात. त्यांच्या बाहेरच्या नऊ पाकळ्या भोवतालच्या दालनावर छत धरतात. सर्वांत बाहेरच्या नऊ पाकळ्या बाहेरच्या बाजूला उलगडतात आणि त्यांच्यामुळे नऊ प्रवेशद्वारे सिद्ध होतात. अर्थ असा की, ज्या कमळाची आपण छायाचित्रे काढतो त्याचा एक तृतीयांश भाग निव्वळ 'आत या' एवढे म्हणण्यासाठी बांधलेला आहे. दाराला इतकी जागा, इतके काँक्रीट आणि इतका खर्च देणारी वास्तू आपल्या परिचयाची नाही. आपल्याकडे महाद्वार भव्य असते. परंतु त्या भव्यतेतून आतल्या सत्तेची ओळख करून दिली जाते, पाहुण्याला दिलासा देणे हा तिचा हेतू नसतो.

नऊ हा आकडा बहाई परंपरेत आवश्यक आहे. अरबी अक्षरगणनेत 'बहा' या शब्दाचे मूल्य नऊ होते, आणि एकअंकी संख्यांत सर्वांत मोठी म्हणून नऊ ही पूर्णतेची खूण मानली जाते. जगभरातली सगळी बहाई मंदिरे नऊ बाजूंची आहेत. अमेरिकेतले विल्मेट, आफ्रिकेतले कंपाला, २०१६ मध्ये उघडलेले सांतियागोचे मंदिर, ही रूपाने एकमेकांपासून पूर्ण भिन्न आहेत. समान आहे तो केवळ नियम. या नियमाचा वास्तुशास्त्रीय परिणाम मोठा आहे. नऊ बाजूंच्या इमारतीला पुढची बाजू नसते, म्हणून मागची बाजूही नसते. जिला मागची बाजू नाही तिला मागचे दार नाही. आणि मागचे दार म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. धुणीभांडी करणारी कुठून येते, मैला वाहणारा कुठून जात असे, याचा संपूर्ण इतिहास आपल्या वाड्यांच्या मागच्या दारात लिहिलेला आहे.

दारानंतर नियमांकडे येऊ. आत मूर्ती नाही, चित्र नाही, वेदी नाही, धर्मोपदेशकाचे उच्चासन नाही. बहाई धर्मात पुरोहितवर्गच नाही. दिवसातून ठरावीक वेळी निरनिराळ्या धर्मांच्या ग्रंथांतले उतारे वाचले किंवा गायले जातात. त्यांच्यावर भाष्य होत नाही, प्रवचन होत नाही, वाद्ये वाजत नाहीत. उरलेल्या वेळेत शांतता असते. यातला प्रत्येक नियम 'काय नसावे' हे सांगणारा आहे, आणि तिथेच त्याचे शहाणपण आहे. परक्या माणसाला अवघडून टाकणाऱ्या गोष्टी कोणत्या? कुणापुढे वाकायचे ते ठाऊक नसणे, कोणता शब्द कधी उच्चारायचा ते ठाऊक नसणे, ताटात किती टाकायचे ते ठाऊक नसणे. या तिन्ही अवघडलेपणांची मुळेच इथे उपटून टाकली आहेत. सर्वांत महत्त्वाचा नियम पैशाचा आहे. बहाई नसलेल्या माणसाकडून धर्मकार्यासाठी देणगी घेतली जात नाही. भार सगळा आतल्यांवर आणि मोकळीक सगळी बाहेरच्यांना, अशी ही रचना आहे. शिर्डीसारख्या ठिकाणी सशुल्क दर्शनाचे पास मिळतात, ही व्यवस्था आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की पाहुण्याकडून पैसा घेणे नाकारणारा देव आपल्याला संशयास्पद वाटू लागतो.

हा मोकळेपणा सुखवस्तू उदारतेतून आलेला नाही, हेही नोंदवले पाहिजे. १९७९ मध्ये, इराणमधल्या क्रांतीच्या वर्षी, शिराझमधले बाब यांचे घर, जे बहाईंच्या परमपवित्र स्थानांपैकी एक, ते पाडण्यात आले. १८ जून १९८३ रोजी त्याच शिराझमध्ये दहा बहाई स्त्रियांना फाशी देण्यात आले. त्यांतली सर्वांत लहान सतरा वर्षांची होती आणि मुलांना धर्मशिक्षण देणे हा तिच्यावरच्या आरोपांपैकी एक होता. या तारखा बांधकामाच्या तारखांशेजारी ठेवून पाहाव्यात. जन्मभूमीत ज्यांना घर उरले नव्हते ते त्याच काळात एका परक्या देशात जगातल्या कोणाही माणसासाठी नऊ दारांचे घर बांधत होते. अश्गाबाद येथील त्यांचे पहिले मंदिर सोव्हिएत सत्तेने ताब्यात घेतले होते. १९४८ च्या भूकंपाने ते खिळखिळे झाले आणि १९६३ मध्ये जमीनदोस्त करण्यात आले. छळ झालेले समूह बहुधा भिंती उंच करतात, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. इथे मात्र उलट घडले. म्हणूनच बहुसंख्य असूनही ज्यांना असुरक्षित वाटते त्यांनी या उदाहरणाकडे जरा वेळ काढून पाहावे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा घेतला जातो की, हे प्रार्थनास्थळ उरलेले नाही, ते पर्यटनस्थळ झाले आहे. लोक रांगेत येतात, पाच मिनिटे बसतात, बाहेर पडून छायाचित्रे काढतात. यात तथ्य आहे. गर्दीच्या सोयीसाठी नऊही दारे एकाच वेळी वापरात नसतात, स्वयंसेवक गटागटाने आत सोडतात, आणि तिथल्या शांततेला शाळेतल्या शांततेचा थोडा वास येतो. परंतु आक्षेपामागचे गृहीतक तपासून पाहा. पर्यटक म्हणजे श्रद्धेचा पुरावा न देता आत येणारा माणूस. ज्या पवित्र स्थळी पुरावा न देता बसता येते तिथे माणसाला प्रार्थना न करण्याचे स्वातंत्र्य असते, आणि ते स्वातंत्र्य असेल तरच केलेली प्रार्थना त्याची स्वतःची असते. भक्तांची गर्दी पवित्र आणि पर्यटकांची गर्दी उथळ हा भेद आपण फार सहज करतो. धक्काबुक्की दोन्हीकडे असू शकते. हाकलून देण्याची भीती मात्र एकीकडेच असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या घरात सर्वांचे स्वागत आहे त्या घराचा स्वतःचा असा अर्थ काय? गाभारा नसलेले मंदिर म्हणजे आशय नसलेली कविता, असे एखादा रसिक म्हणेल. आपल्या देवळांची रचना एका अर्थाने खरोखरच काव्यात्म आहे. प्रांगणातल्या उन्हातून सभामंडपाच्या सावलीत, तिथून अंतराळाच्या मंद उजेडात आणि शेवटी गाभाऱ्यातल्या समईच्या अंधारात असा तो प्रवास आहे, आणि त्याचे सामर्थ्य मी नाकारत नाही. पण हीच रचना एक चाळणीही आहे. प्रत्येक पायरीवर काही माणसे थांबवली जातात. कोणी वेशीबाहेर, कोणी प्रांगणात, कोणी मंडपात. पंढरपूरला चोखोबांची समाधी कुठे आहे? महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी. आपण या गोष्टीकडे भक्तीच्या विनम्रतेचे प्रतीक म्हणून पाहायला शिकलो आहोत. ती वास्तूची साक्ष आहे, असे वाचायला शिकलो नाही. गाभाऱ्याच्या काव्यासाठी कोणी काय किंमत मोजली, हे त्या समाधीच्या जागेवरून कळते. बहाई मंदिराच्या मध्यभागी माणसे बसतात. ही आशयाची अनुपस्थिती म्हणता येणार नाही, कारण तोच तिथला आशय आहे.

तिसरा आक्षेप आपल्या अभिमानातून येतो : हे सारे आमच्याकडे होतेच, वारी पाहा. वारी पाहावीच. परंतु वारी हे वाटेचे आतिथ्य आहे. वाट सर्वांची होती, उंबरठा सर्वांचा नव्हता. तो उंबरठा ओलांडण्यासाठी साने गुरुजींना १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषण करावे लागले. त्याआधी २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तो पाच वर्षे चालला आणि दार उघडले नाही. बडवे-उत्पातांचे पंढरपूरच्या मंदिरावरचे हक्क संपुष्टात आले ते सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१४ च्या निकालाने. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना चढता यावे यासाठी २०१६ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी जो कायदा आठवावा लागला तो १९५६ चा होता. म्हणजे साठ वर्षे कायदा पुस्तकात होता आणि चौथरा जागेवर होता. या सर्व लढ्यांतून एकच गोष्ट ठळक होते. आपल्याकडे दार उघडते ते उपोषणाने, सत्याग्रहाने किंवा न्यायालयाच्या आदेशाने. दार मुळातच उघडे असावे अशा हेतूने आपण सहसा बांधत नाही.

'सहसा' म्हणालो, कारण प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे त्यात होती. गिरगावात समाजाने मूर्ती नसलेले, कोणालाही प्रवेश असलेले उपासनामंदिर बांधले. कमळमंदिराच्या शतकभर आधीची ही मराठी घटना आहे, आणि आज बहुसंख्य मुंबईकरांना 'प्रार्थना समाज' हे एका नाक्याचे आणि बसथांब्याचे नाव म्हणून ठाऊक आहे. असे का झाले? माझ्या मते, त्या मंदिराचे दार उघडे होते, पण आत प्रवचन होते, आणि ते प्रवचन समजण्यासाठी पदवी लागे. उंबरठा जातीचा राहिला नाही, तो शिक्षणाचा झाला. विठ्ठल रामजी शिंदे यांनी हे ओळखले होते. म्हणूनच त्यांनी १९०६ मध्ये अस्पृश्यांसाठी जे काम सुरू केले त्याचा आरंभ शाळेपासून झाला.

दुसऱ्या टोकाला गाडगेबाबा आहेत. त्यांनी देऊळ बांधले नाही, धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा उभारली आणि १९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ज्याला पायरीपाशी थांबवले त्याच्या नावाचे छप्पर त्याच गावात उभे करणे, ही वास्तूच्या भाषेत केलेली टीका होती. तेवढी धारदार टीका आपल्या समीक्षेला क्वचितच जमली आहे.

बहाई कल्पनेचे महत्त्व इथे ध्यानात येते. मंदिरासाठी त्यांचा जो मूळ शब्द आहे, मश्रिकुल अझकार, त्याचा अर्थ 'ईशस्मरणाचे उदयस्थान' असा होतो. मूळ कल्पनेप्रमाणे ते एकटे मंदिर नव्हेच. मध्यभागी उपासनागृह आणि भोवती शाळा, रुग्णालय, वृद्धांचे व अनाथांचे निवास, वाटसरूंसाठी आसरा. प्रार्थना समाजाने केंद्र बांधले, गाडगेबाबांनी परीघ बांधला. दोन्ही एकत्र असावीत, केंद्रातून उठलेला माणूस परिघावरच्या कामाला लागावा, असे ही कल्पना सांगते. दिल्लीतही हे वर्तुळ पूर्ण झालेले नाही, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. तिथे कमळ पाहायला येणारे पुष्कळ आहेत, पण परिघावरच्या सेवेचा विस्तार त्या मानाने दिसत नाही. आणखी एक उणीव मोठी आहे. स्त्रीपुरुष समानता हे ज्या धर्माचे घोषित तत्त्व आहे त्याच्या सर्वोच्च संस्थेत, हैफा येथील विश्व न्याय मंदिरात, आजही केवळ पुरुषच निवडून जातात. नऊ दारांच्या धर्मालाही एक बंद दार आहे. त्याकडे बोट दाखवण्याने नऊ दारांचे मोल कमी होत नाही. उलट मोजण्याची पट्टी त्यांनीच आपल्या हाती दिली म्हणून ते दिसते.

हा सगळा विचार दिल्लीवर सोडून देता येत नाही. मुंबईचा आणि बहाईंचा संबंध १८७० च्या दशकात जमाल एफेंदी भारतात आले तेव्हापासूनचा आहे. पाचगणीतली १९४५ साली सुरू झालेली न्यू एरा ही शाळा बहाईंची. मुद्दा मात्र बहाईंच्या शाखाविस्ताराचा नाही. आपल्या भूमीवर आपण काय बांधतो, हा मुद्दा आहे. अलीकडच्या काळातली दोन मोठी उदाहरणे घेऊ. नागपूरच्या दीक्षाभूमीचा पोकळ स्तूप १८ डिसेंबर २००१ रोजी खुला झाला. त्याचा घुमट सुमारे १२० फूट व्यासाचा आहे आणि दारे चारही दिशांना आहेत. ज्यांना एका दारासाठी पाच वर्षे नाशकात उभे राहावे लागले त्यांनी आपली वास्तू बांधताना चार दारे ठेवली, या गोष्टीकडे आपल्या वास्तुसमीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. दुसरे उदाहरण गोराईच्या विपश्यना पॅगोडाचे. तो ८ फेब्रुवारी २००९ रोजी उद्घाटित झाला. आधाराच्या एकाही खांबाशिवाय, एकमेकांत अडकवलेल्या दगडांनी पेललेला, सुमारे २८० फूट व्यासाचा हा घुमट आठ हजार साधकांना सामावून घेतो. पॅगोडाचा परिसर सर्वांना खुला आहे. मुख्य घुमटाखाली बसता येते ते मात्र दहा दिवसांचे शिबिर केलेल्या साधकांना. इतरांनी तो काचेआडून पाहायचा असतो. या नियमामागे साधनेच्या वातावरणाची काळजी आहे, जन्माचा निकष नाही, आणि शिबिर सर्वांना खुले आहे. तेव्हा ही तक्रार नव्हे. भेद एवढाच आहे की, एके ठिकाणी तुम्ही आधी बसता आणि मग वाटल्यास शिकता, तर दुसरीकडे आधी शिकता आणि मग बसता. शहराला आज पहिल्या प्रकाराची निकड आहे.

कोणत्या शहराला? उदाहरण म्हणून वरसाव्याचे घेऊ. मीरा-भाईंदरच्या या टोकाला घोडबंदरचा रस्ता महामार्गाला मिळतो. समोर वसईची खाडी, पाठीशी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, जवळच १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलेला घोडबंदरचा किल्ला. इथून रोज हजारो माणसे जातात, आणि पुलावरच्या कोंडीमुळे पुष्कळदा तासभर थांबतातही. २०२३ मध्ये नवा पूल झाला, तेव्हा वाहनांची सोय झाली. माणसांच्या भेटीची सोय कुठे आहे? २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८,०९,३७८ होती. आगरी, कोळी, वारली, ख्रिस्ती, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, मुसलमान, कोकणातून आलेले चाकरमानी, सगळे इथे आहेत. मंदिरे आहेत, देरासरे आहेत, मशिदी आहेत, चर्च आहेत. ज्याचे त्याचे स्थान आहे. सर्वांचे असे स्थान नाही. २१ जानेवारी २०२४ च्या रात्री मीरा रोडच्या नया नगर भागात दोन समूह एकमेकांसमोर आले. त्यानंतर दोनच दिवसांत तिथे बुलडोझर फिरले. जुलै २०२५ मध्ये भाषेच्या प्रश्नावरून याच शहरात मोर्चे निघाले. या घटनांची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांची सरमिसळ करणे अन्यायाचे होईल. पण एक उणीव दोन्हींच्या मुळाशी आहे : या शहरात परस्परांना न ओळखणारी माणसे निर्हेतुकपणे एकत्र बसू शकतील असे छप्पर नाही. बाजारात आपण ग्राहक म्हणून भेटतो, लोकलमध्ये स्पर्धक म्हणून आणि मोर्चात प्रतिपक्ष म्हणून.

इथे कोणी म्हणेल, महापालिकेने आता सर्वधर्मीय मंदिर बांधावे काय? नाही. सार्वजनिक जागेवर नवे प्रार्थनास्थळ उभारू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश आहे आणि तो योग्यच आहे. शिवाय सर्व देवांच्या तसबिरी एका भिंतीवर टांगून सर्वधर्मसमभाव सिद्ध होतो, ही आपली सरकारी समजूतही टाकून द्यायला हवी. त्या भिंतीवर जागा कोणाला आणि किती, यावरून पहिले भांडण होईल. बहाई मंदिराची रिकामी भिंत त्याहून शहाणी आहे.

पण आपल्याकडे एक शब्द आहे, आणि त्याच्यासाठी इमारतीही आहेत : समाजमंदिर. या शब्दाइतका उदात्त शब्द भारतातल्या फार थोड्या प्रशासनांकडे असेल. समाज हाच देव आणि त्याचे हे मंदिर, असा त्याचा सरळ अर्थ होतो. प्रत्यक्षात आमदार किंवा नगरसेवक निधीतून उभी राहिलेली ही वास्तू बहुतेक ठिकाणी कशी असते? एक दार आणि त्याला कुलूप. किल्ली कोणा कार्यकर्त्याच्या घरी. दारावर निधी देणाऱ्याचे नाव देवाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत, बारशाच्या पताकांचे अवशेष आणि भाड्याचे दरपत्रक. वस्ती ज्या जातीची, समाजमंदिर त्या जातीचे. दुसऱ्या वस्तीतल्या माणसाला तिथे पाऊल टाकायचे काहीच कारण नसते. समाज या शब्दाचा अर्थच आपण 'आपला समाज' असा करून टाकला आहे. भाषेच्या अध्यापकांनी खरे तर या अर्थसंकोचावर लिहायला हवे होते. आम्ही मात्र संतसाहित्यातल्या समतेवर शोधनिबंध लिहीत राहिलो.

म्हणून मागणी करायची तर ती नव्या कमळाची नव्हे. संगमरवर नको, शिखर नको, उंचीचा विक्रम तर मुळीच नको. वरसाव्यासारख्या नाक्यावर, जिथून सगळे जातात आणि जिथे कोणाचेच वर्चस्व नाही, तिथे एक समाजमंदिर असावे. त्याला चारही बाजूंनी दारे असावीत आणि दिवसभर ती उघडी असावीत. त्यावर कोणाचेही नाव नसावे. आत बसायला बाके, प्यायला पाणी, भोवती स्वच्छ स्वच्छतागृहे, एक वाचनालय आणि एक दवाखाना असावा. ध्वनिक्षेपक नसावा. दानपेटी नसावी, भाडे नसावे. तिथे कोणी नमाज पढेल, कोणी जप करील, कोणी पेपर वाचील, डोंगरातल्या पाड्यावरून आलेली बाई भाजीची पाटी बाजूला ठेवून घटकाभर टेकेल. ती कशासाठी आली आहे, असे तिला कोणी विचारणार नाही, हीच तिथली उपासना.

ही मागणी भाबडी आहे असे म्हणणारे म्हणतील की, आठ दिवसांत तिथे गर्दुल्ले बसतील, बाके मोडतील, नळ चोरीला जातील. शक्य आहे. मोकळ्या जागेची राखण करावी लागते, आणि दिल्लीतही ती स्वयंसेवक रोज करतात. स्वागत म्हणजे निगराणीचा अभाव नव्हे. पण राखण करणे आणि अडवणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. राखणदार जागा सांभाळतो, अडवणारा माणसे निवडतो. आपल्याला दुसऱ्या कामासाठी माणसे नेहमीच मिळत आली आहेत. चोखोबांच्या काळीही मिळाली आणि काळारामच्या वेळीही मिळाली. पहिल्या कामासाठी ती मिळत नसतील, तर दोष इमारतीचा नाही, निधीचा नाही आणि बहाईंच्या कमळाशी होणाऱ्या तुलनेचाही नाही. अशा वेळी 'आपल्याकडे असे का नाही?' हा प्रश्न प्रवासवर्णनाच्या शेवटी विचारणे तरी आपण थांबवावे. तो महापालिकेच्या सभेत विचारावा, समाजमंदिराच्या दारात उभे राहून विचारावा, आणि किल्ली कोणाकडे आहे ते नाव घेऊन विचारावा.